डोळ्यांसाठी डबी नको, भाजीची जुडी आणा

गेल्या महिन्यात विहारात नेत्रतपासणी झाली. त्यानंतर दोन-तीन घरांत 'डोळ्यांच्या शक्तीच्या' कॅप्सूलच्या डब्या आम्हाला दिसल्या. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी तर पगारातून दरमहा डबी घ्यायचे ठरवले होते. डॉक्टरांनी लिहून दिली का, विचारले. नाही, दुकानदाराने दिली!

डबीवर ल्युटिन, झिअ‍ॅझँथिन अशी नावे असतात. ही पिवळी रंगद्रव्ये. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाचा ठिपका असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे त्याच्याच जोरावर. तिथे ही द्रव्ये साठतात, निळा प्रकाश गाळतात आणि पेशींची झीज आवरायला मदत करतात. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. ती ताटातूनच यावी लागतात.

ताटात ती कुठे असतात? पालक, मेथी, शेवग्याचा पाला, पिवळा मका, अंड्याचा बलक. गाजर-भोपळ्यातले बीटा कॅरोटीन वेगळे. त्याचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, आणि ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. ही सगळी द्रव्ये तेलात विरघळणारी, म्हणून भाजी नुसती उकडू नका, चमचाभर तेलाची फोडणी द्या.

मग गोळीच का नको? पीतबिंदूची झीज झालेल्या चार हजारांवर लोकांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ साली आला. आधीच्या गोळ्यांत ल्युटिन-झिअ‍ॅझँथिनची भर घातल्याने सरसकट जास्तीचा फायदा दिसला नाही. ज्यांच्या जेवणातच ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांना मात्र तो दिसला. म्हणजे प्रश्न ताटाचाच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनच्या गोळीपासून लांबच राहावे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना ती रोज दिली, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला (१९९४). हे मोठ्या मात्रेच्या गोळीने झाले, गाजराने नव्हे. डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. आणि मोतीबिंदू गोळीने जात नाही, भाजीनेही नाही.

आमचा राग दुकानदारापुरता नाही. आपल्याच घरांत भाजी आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात पडते. शेवटी जेवणाऱ्या बाईला उरतो रस्सा आणि भाकरी. सुईत दोरा तिलाच ओवायचा असतो ना?

शाळेचेही तेच. पोषण आहारात आठवड्याला एक अंडे राज्य शासनाने २०२३ मध्ये सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. आता म्हणे लोकवर्गणीतून द्या. ज्या वस्तीत मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच वर्गणी कुठून येणार? शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी अंड्याचा विषय लेखी मांडावा, ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.