कुटकीचे माहेर

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत दिवसभर यंत्रांचा खडखडाट चालू असतो. तेथील औषधांच्या दुकानात आरोग्यवर्धिनीच्या गोळ्या सहज मिळतात. गोळी जिभेवर टेकताच तोंड वाकडे होते. तो कडूपणा कुटकीच्या मुळीचा. ही मुळी कोठून आली, हे मात्र घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

कुटकीचे माहेर हिमालयात, सुमारे 3000 मीटरांहून अधिक उंचीवर. तेथे वृक्ष संपतात आणि गवताळ कुरणे सुरू होतात. गढवालचे लोक त्यांना ‘बुग्याल’ म्हणतात. वर्षाचे कित्येक महिने ही भूमी बर्फाखाली निजलेली असते. बर्फ वितळले की थोड्या महिन्यांत कुटकी, जटामांसी, अतिविष यांना अंकुर, फूल आणि बी हा सारा संसार उरकावा लागतो. मेंढपाळही त्याच दिवसांत कळप घेऊन वर चढतात.

म्हणूनच कुरणे उजाड होऊ लागली की पहिला आळ मेंढरांवर येतो. तो सर्वस्वी खोटा नाही. मोठा कळप एकाच जागी फार दिवस राहिला, तर कोवळे अंकुर तुडवले जातात व माती सुटते. पण कळप हाकलले की कुरण वाचलेच, ही समजूत भाबडी आहे. गढवालमधील ‘फुलांची दरी’ 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि तेथील चराई थांबली. पुढे पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती इतकी माजली की नाजूक फुलझाडे तिच्या सावलीत गुदमरू लागली. वनखात्याला ती उपटण्यासाठी माणसे लावावी लागली. चराई थांबल्यानेच हे घडले, असे काही शास्त्रज्ञ मानतात. आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावरही चराई आणि कुंपण यांवरून असाच वाद झाला.

मेंढरू डोळ्यांना दिसते. वाढती उष्णता दिसत नाही. कोळसा व तेल जाळल्याने हवेत कर्बवायू साठतो आणि पृथ्वी तापते. या जाळण्यात गढवालच्या मेंढपाळापेक्षा शहरांतील कारखान्यांचा व मोटारींचा वाटा कितीतरी मोठा. डोंगरावर बर्फ लवकर वितळते, खालची झुडपे वर सरकतात, आणि थंडीला सरावलेल्या वनस्पतींना आणखी वर जावे लागते. पण डोंगर वर निमुळता होत जातो. शिखरापलीकडे त्यांनी कोठे जावे?

तेव्हा सारा दंड मेंढपाळाने भरावा, हा न्याय नव्हे. किती मेंढरे, कोणत्या कुरणात, किती दिवस चारावीत, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. बी पिकेपर्यंत काही कुरणे मोकळी ठेवावीत. शिवाय मुळीसाठी कुटकी उपटली की ते झाड गेलेच. म्हणून ती शेतात लावणाऱ्या पहाडी शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला पाहिजे. त्यापायी वागळे इस्टेटीतील गोळी चार पैशांनी महागली, तरी तक्रार नसावी.