भीती भाड्याने कशाला?



सध्या मुक्काम ओरगडम. चेन्नईच्या नैऋत्येला सिपकॉटच्या कारखान्यांचा हा पट्टा. रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकली इथे बनतात, भारतबेंझचे ट्रक इथे बनतात. गाड्यांची चाचणी घेणारे सरकारी केंद्रही इथेच आहे.

डिसेंबर 2025 मध्ये तिरुपोरूरजवळ वंडरला सुरू झाले, तेव्हापासून आमच्या पोरांचा रविवार ठरलेला. तिथे तंजोरा नावाचा रोलर कोस्टर आहे. त्यात माणूस रुळाखाली टांगलेला असतो, पाय हवेत. मी एकदा सोबत गेलो आणि खालीच थांबलो. पोरे येऊन म्हणाली, "उस्ताद, तुम्ही घाबरलात?"

घाबरलो नव्हतो. हौसच नव्हती. झोजिलाच्या वळणांवर रात्रीच्या बर्फात तीन टनी चालवलेल्या माणसाने तिकीट काढून पोटात गोळा का आणावा? गाडी हादरवून बघतात ती कुठे कमकुवत आहे ते कळावे म्हणून. माणसाला हादरवून काय कळते, ते मला अजून समजलेले नाही. पोरे मात्र मनसोक्त ओरडून आली, रात्री जेवणही दाबून झाले. बराकीत असे ओरडता येत नाही, तेव्हा त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही.

माझी आवड वेगळी आहे. मला गोष्ट सांगणारी, सावकाश चालणारी राइड लागते. 2019 च्या मे महिन्यात रजेवर होतो. आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी यांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला गेलो. 132 फूट उंच नायट्रोपुढे आमची फौज फुटली असती. आईचे गुडघे गेलेले, मुलगी लहान. पण 'आय फॉर इंडिया'त चौघे एका ओळीत बसलो. समोर प्रचंड पडदा, आपण खुर्चीत अधांतरी, आणि खालून देश सरकत जातो. बर्फाचे डोंगर आले तसा मुलीने माझा हात धरला. "बाबा, तुम्ही यात कुठे असता?"

मी अंदाजाने एक डोंगर दाखवला. खरे तर तो कुठला होता, देव जाणे! पण बाप वर्षातले दहा महिने कुठे असतो, हे तिला त्या दिवशी दिसले. फोनवर सांगून ते कधी जमले नव्हते. आईने पदर डोळ्यांना लावला, मी बघितले नाही असे केले.

वॉल्ट डिस्ने सांगत, मुली चक्रावर बसायच्या आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचो, तेव्हा आईबापांनाही मुलांसोबत मजा करता येईल अशी जागा हवी असे वाटले. 1955 मध्ये डिस्नेलँड उघडले. सुट्टीवर आलेल्या फौजी बापाला हे फार पटते. साठ दिवसांच्या रजेत मी बाकावर कशाला बसू? आणि कोस्टरवर शेजारी बसलो तरी डोळे मिटलेले. पोरीचा चेहरा बघायचा राहतो तो राहतोच.

माजी सैनिक बंधू हसतील, हसोत. सुभेदार झालेले कितीतरी जण जत्रेत आकाशपाळण्याखाली चपला सांभाळत उभे असलेले मी पाहिलेत.

मुलगी आता चौदाची होईल. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, या रजेत नायट्रो." मी हो म्हटले. खाली तिची बॅग धरून उभा राहीन. पण आधी 'आय फॉर इंडिया', आणि आईला मधली खुर्ची.