शिक्षा कुणाला, खुर्ची कुणाला?

गोदीत पाळी सुटल्यावर टपरीवर वाद पेटला. मुकादम म्हणाला, शिक्षा झालेल्याला निवडणूक कायमची बंद करा. मी म्हटलं, शिक्षा कुणाला होते ते आधी बघा. मोर्च्यात धरलेला आमचा पोरगाही त्यांच्या वहीत गुन्हेगारच असतो.

कायदा वाचा. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ८. दोन वर्षं किंवा जास्त सजा झाली की उमेदवारी बाद, सुटल्यावर आणखी ६ वर्षं बाद. ठीक. पण त्याच कलमात निवडक गुन्ह्यांची यादी आहे. तिथं नुसता दंड झाला तरी ६ वर्षं बाद. समाजात तेढ वाढवणं त्या यादीत आहे. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा आहे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा मात्र नाही! त्यातल्या कित्येक गुन्ह्यांना किमान सजा ६ महिने. म्हणजे भाषणापायी दंड भरलेला कवी घरी बसणार, आणि आमच्या दारात मेलं जनावर टाकून वर्षभर आत जाऊन आलेला पाटील हात जोडत मतं मागायला आमच्याच वस्तीत येणार. हा कुठला न्याय?

आणखी ऐका. जामिनाला पैसा नाही म्हणून सडणारा कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, पण मत देऊ शकत नाही. लढायला पैसा लागतो, मताला लागत नाही. गरिबाचं तेवढंच काढून घेतलं.

म्हणून सरसकट बंदीला माझा विरोध आहे. ॲट्रॉसिटी कायदा त्या यादीत घाला. कच्च्या कैद्याला मत द्या. मग आम्हाला चारित्र्य शिकवा.