खुर्ची चालते, सुतार नको

येरवड्याच्या कारागृहाच्या विक्री केंद्रातली खुर्ची घ्यायला आपली ना नसते. सागवान असली, भाव रास्त, सांधा हलत नाही. आमच्या सोसायटीच्या कचेरीतलं टेबलही तिथलंच. कमिटी आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते.

मध्यंतरी दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी एक सुतार आला. चौकटीला हात लावताच बिजागरी कुठं ओढतेय ते त्यानं सांगितलं. काम कुठं शिकलात, असं चेअरमननी सहज विचारलं. तो खरं बोलला, तिथंच फसला. "नंबर ठेवून जा, कळवतो." तो गेटबाहेर पडल्यावर चेअरमन म्हणाले, "अहो, आपल्याकडे लेकीबाळी आहेत."

याच चेअरमनचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर आहे, जामिनावर सुटलेल्या एका पुढाऱ्याच्या स्वागतासाठी. गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं. पुढाऱ्याचा खटला अजून उभा राहायचाय. सुताराची शिक्षा मात्र भोगून झालीय, पुरती. लेकीबाळी त्या मिरवणुकीतही होत्याच की!

कायदाही गमतीचा आहे. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्याला निवडणूक लढवायची बंदी सुटकेनंतर सहसा 6 वर्षांनी उठते. म्हणजे तो आमदार होऊ शकतो, पण वॉचमन होईलच असं नाही, कारण एजन्सी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते आणि तिथली नोंद कधी पुसायची हे कुणी ठरवलेलंच नाही. ज्यांच्यावर गुन्हा शाबीतच झालेला नाही त्यांची तर गणतीच नको: 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. त्यांतला एखादा निर्दोष सुटला, तरी गल्लीत तो "आत जाऊन आलेला"च.

आणि आपण कोण? औंध संस्थानानं 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना शेतीवर मोकळं ठेवलं, त्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' पाहून 1957 पासून डोळे पुसणारे. पडद्यावरच्या कैद्यांवर आपला फार जीव. बँका काही दानशूर म्हणून ओळखल्या जात नाहीत, तरी राज्य सहकारी बँकेनं 2022 मध्ये येरवड्यातल्या कैद्यांना 50 हजारांपर्यंत कर्ज देऊ केलं, ते त्यांच्या तुरुंगातल्या मजुरीच्या हिशेबावर. बँकेला त्यांची पत दिसली, कमिटीला दिसेना.

समुपदेशन, मेळावे, शिलाई मशीनवाटपाचे फोटो हे सगळं खुशाल करा. मला हवंय ते रुक्ष आहे. लहान मुलांशी संबंध येणारी कामं वेगळी ठेवा, तिथं चौकशी कडक असू द्या. बाकी रंधा मारायला, माल पोचवायला, गेटवर उभं राहायला शिक्षा भोगून झालेल्या माणसाची जुनी नोंद किती वर्षांनी बाद धरायची, तो आकडा कायद्यात लिहा. पुढाऱ्यांसाठी लिहिता आला ना?