समुद्राचे गोडे पाणी, गच्चीवरची टाकी आणि मुंबईहून आणलेला आरओ

उन्हाळी सुट्टी संपवून सौदी अरेबियात परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात भाजणी, मेतकूट आणि आमसुलांच्या जोडीला अलीकडे कधीकधी एक जड खोके असते. त्यात जलशुद्धीकरण यंत्र असते आणि बहुतेक वेळा ते ‘आरओ’ असते. घरात लहान मूल असेल तर हा निर्णय प्रवासाच्या कितीतरी आधी झालेला असतो. वाळवंटातले पाणी, तेही समुद्राचे. ते तसेच्या तसे मुलाला कसे द्यायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र हे यंत्र ज्या पाण्यासाठी निवडले जाते ते पाणी महाराष्ट्रातले असते आणि ज्या पाण्याला ते जोडले जाते त्याचा इतिहास सर्वस्वी वेगळा असतो. निवडीतली गफलत इथेच होते.

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, उस्मानी अमलात, जेद्दात समुद्राचे पाणी उकळून गोडे करणारे यंत्र बसले. ‘कंदासा’ या नावाने ते तिथल्या लोकस्मृतीत आजही आहे. १९७४ मध्ये खाऱ्या पाण्याच्या रूपांतरासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि मे २०२४ मध्ये त्याचेच ‘सौदी जल प्राधिकरण’ झाले. आज समुद्राचे पाणी गोडे करण्यात हा देश जगात पहिल्या क्रमांकावर आहे. आखाताच्या किनाऱ्यावरील रास अल-खैर या एकाच प्रकल्पाची क्षमता दिवसाला दहा लाख घनमीटरहून अधिक आहे. मुंबई महापालिका रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवते. त्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी हा एक प्रकल्प समुद्रातून काढतो. मनोरीच्या २०० दशलक्ष लिटरच्या प्रकल्पावर मुंबईत किती वर्षे चर्चा चालली आहे हे ठाऊक असणाऱ्या वाचकाला या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको.

हे पाणी गोडे करण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक जुनी, पाण्याची वाफ करून ती थंड करण्याची. दुसरी, प्रचंड दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून ढकलण्याची. हीच दुसरी पद्धत म्हणजे आरओ, आणि नवे मोठे सौदी प्रकल्प आता मुख्यतः याच पद्धतीचे आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे यंत्र लावायचे त्याचा अवाढव्य थोरला भाऊ किनाऱ्यावर आधीच काम करून मोकळा झालेला असतो. दोन्ही पद्धतींनी मिळणारे पाणी इतके निःसत्त्व असते की ते तसेच सोडले तर नळांचे लोखंड आणि सिमेंट खाऊ लागते. म्हणून चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साह्याने त्यात कॅल्शियम आणि क्षारता परत घातली जाते, क्लोरीन मिसळले जाते आणि मगच ते शहराकडे निघते. रियाधला ते जुबैलहून सुमारे साडेचारशे किलोमीटरच्या वाहिन्यांतून, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच चढून येते आणि तिथे खोल विहिरींच्या शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळते.

या पाण्यावर घरी पुन्हा आरओ चालवणे म्हणजे एवढ्या खटाटोपाने घातलेले क्षार पुन्हा उपसून काढणे आणि त्यासाठी त्याच मोलाच्या पाण्यापैकी बरेचसे मोरीत सोडून देणे होय. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते चार लिटर वाया घालवतो. चौघांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज वीस लिटर लागले आणि वाया जाण्याचे प्रमाण तिप्पट धरले, तर साठ लिटर गेले. सौदी सरकारने २०१९ मध्ये ‘कत्रा’ म्हणजे ‘थेंब’ या नावाची मोहीम सुरू केली. दरडोई रोजचा २६३ लिटरचा वापर २०३० पर्यंत १५० लिटरवर आणण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. त्या उद्दिष्टानुसार चौघांना मिळतात ६०० लिटर. त्यातला दहावा भाग एकटे यंत्र गिळते. रियाधमध्ये तर त्या पाण्याचा प्रत्येक घनमीटर वर चढवण्यासाठीच, वाहिनीतले घर्षण बाजूला ठेवले तरी, दीड युनिटहून अधिक वीज लागलेली असते. गोडे करण्याची वीज वेगळी.

भारतातही हा वाद नवा नाही. ज्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिला. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा यंत्रांच्या वापराचे नियम अधिसूचित केले. भातसा, तानसा, वैतरणेच्या मऊ पाण्यावर मुंबईकराने आरओ लावण्याला शास्त्रीय आधार फारसा नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांत मात्र त्याची खरी गरज आहे. विक्रेत्याला हा भेद करायचा नसतो. तो दोन काड्या पाण्यात बुडवून वीज सोडतो, पाणी तांबडे-काळे होते आणि गृहिणी घाबरते. प्रत्यक्षात तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसून काडीच्या लोखंडाचा असतो. ही भीती मग विमानात बसून आखातात येते.

सौदी घरांतल्या पाण्याची खरी दुखरी जागा प्रकल्पात नसून प्रकल्प आणि नळ यांच्या मधल्या टाक्यांत आहे. अनेक वस्त्यांत पाणी ठरावीक दिवशीच सुटते. ते आधी इमारतीखालच्या टाकीत साठते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरात येते. पुरवठा अपुरा पडला की टँकर मागवला जातो. तो कोठून भरला हे भाडेकरूला सहसा कळत नाही. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असेल तर बाहेरची घाण आत झिरपू शकते. गच्चीवरच्या टाकीचे झाकण निघाले असेल तर धूळ, पाखरे आणि शेवाळ यांना मोकळे रान मिळते. ऊन तर आहेच. ज्यांनी आखातातला उन्हाळा काढला आहे त्यांना ठाऊक आहे की जून ते सप्टेंबर या काळात गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठून निवलेले पाणी आंघोळीला घ्यायचे, कारण ‘थंड’ नळाला चटका देणारे पाणी येते. पाणी असे तापले की क्लोरीन लवकर उडून जाते आणि कोमट पाण्यात वाढणाऱ्या जंतूंना संधी मिळते.

आणलेले यंत्र इथेच तोकडे पडते. घरगुती आरओचा पडदा साधारण ४० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी घडवलेला असतो. ४५ च्या पुढे तो कायमचा बिघडू शकतो. जुलैत गच्चीवरून येणारे पाणी ही मर्यादा सहज गाठते. शिवाय क्लोरीन पडद्याला घातक असल्याने त्याच्या आधी कार्बनची नळकांडी बसवून ते काढून टाकावे लागते. म्हणजे शुद्ध झालेले पाणी यंत्राच्या सात-आठ लिटरच्या टाकीत कोणत्याही राखणीविना, तापलेल्या स्वयंपाकघरात, पडून राहते. जुन्या इमारतींतल्या काही सॉकेटांत अजून १२७ व्होल्टचीच वीज आहे हा आणखी एक व्याप. यंत्र लावल्यावर त्याचा पंप का कुरकुरतो हे मग दुकानदार फोनवरून सांगू शकत नाही.

यंत्रासोबत हमखास विकत घेतला जाणारा टीडीएस मीटरही दिशाभूल करतो. तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात जंतू दिसत नाहीत, शिसे दिसत नाही. आकडा जितका लहान तितके पाणी चांगले, ही समजूत त्यानेच रुजवली आहे. इस्राएलमध्येही पिण्याचे बरेच पाणी समुद्रातून येते. तिथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात असे पाणी पिणाऱ्या भागांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. मॅग्नेशियमचा अभाव हे त्याचे कारण असावे, असा संशोधकांचा कयास आहे. खनिजे मुख्यतः अन्नातूनच मिळतात, त्यामुळे यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आधीच क्षार कमी असलेल्या पाण्यातून उरलेसुरलेही काढून टाकण्यात शहाणपण आहे काय, हा प्रश्न उरतोच.

मग घ्यायचे काय? जेद्दा, दम्माम, अल-खोबर, जुबैल, यान्बू या किनारी शहरांत आणि नळाचे पाणी येणाऱ्या रियाधच्या वस्त्यांत गाळ अडवणारी जाळी, कार्बनची नळकांडी आणि टाकीविषयी शंका असेल तर जंतुनाशक अतिनील दिवा, एवढे बहुतेक घरांना पुरेसे आहे. पाणी साठवणारे यंत्र नको. लागेल तेव्हा गाळून देणारे हवे. विकत घेताना जाहिरातीतल्या टप्प्यांची संख्या मोजण्यापेक्षा खोक्यावर एनएसएफची मान्यता शोधावी. ४२ हा क्रमांक चव आणि क्लोरीनसाठी, ५३ आरोग्याला अपायकारक द्रव्यांसाठी, ५५ अतिनील दिव्यासाठी आणि ५८ आरओसाठी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळकांडी स्थानिक बाजारात मिळतात का, हे आधी पाहावे. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत वर्षभर न बदललेली नळकांडी हे जंतूंचे घर असते.

कसीम आणि हाइल प्रांतांत हा हिशेब उलटा होतो. तिथल्या पाण्याचा मोठा आधार साक नावाचा वालुकाश्मातला प्राचीन भूजलसाठा आहे. हाच खडक उत्तरेला जॉर्डनमध्ये शिरतो आणि तिथे दिसी म्हणून ओळखला जातो. या पाण्यात नैसर्गिक रेडियमचे प्रमाण अधिक असल्याचे दोन्ही देशांत नोंदले गेले आहे. बुरैदासारख्या शहरांत शासकीय शुद्धीकरण केंद्रे आहेत. पण शहराबाहेरच्या शेतावर, खासगी विहिरीवर किंवा तिथून भरलेल्या टँकरवर राहणाऱ्या कुटुंबाला कार्बनची नळकांडी वाचवणार नाही, कारण रेडियम तिला जुमानत नाही. तिथे आरओच हवा. महाराष्ट्रात मुंबई आणि खारपाणपट्टा यांत जो फरक आहे तोच इथे जेद्दा आणि बुरैदाबाहेरची विहीर यांत आहे.

पुष्कळ जण या विचारात न पडता १९ लिटरच्या बाटल्या आणतात. तोही मार्ग आहे, पण निर्दोष नव्हे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असते आणि बाटलीबंद करताना ओझोन वापरला तर त्याचे ब्रोमेट बनू शकते. त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. नामांकित उत्पादक ती पाळण्याची यंत्रणा ठेवतात. बकाल्यासमोर, म्हणजे किराणा दुकानासमोर, भर उन्हात दिवसभर तापत पडलेली पुनःपुन्हा भरलेली बाटली मात्र न घेतलेली बरी.

ही सारी निवड मुळात ज्यांच्या नावावर घरभाड्याचा करार आहे त्यांची. रत्नागिरी-रायगडमधून गेलेल्या आणि कंपनीच्या निवासात आठ-दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला ती नाही. त्याच्या वाट्याला मार्गिकेतला एक शीतक येतो. त्याची नळकांडी शेवटची कधी बदलली हे त्याला सांगितले जात नाही आणि विचारण्याची सोयही नसते. शहरांतल्या रस्त्यांवर आणि मशिदींच्या भिंतींना ‘सबील’ म्हणून लावलेले धर्मार्थ शीतक, म्हणजे आपल्याकडच्या पाणपोयाच, कित्येकदा अधिक निगुतीने राखलेले असतात. पुण्यकर्माची निगा राखली जाते आणि कराराने बांधलेल्या कर्तव्याची राखली जात नाही, ही विसंगती केवळ सौदी अरेबियाची नाही.

आणखी एका धोक्यावर तर कोणतेच यंत्र इलाज नाही. १९९१ च्या आखाती युद्धात समुद्रात पसरलेला तेलाचा तवंग जुबैलच्या पाणीप्रकल्पाच्या तोंडाशी येऊ नये म्हणून तरंगते अडसर लावावे लागले होते. जुबैलचा प्रकल्प किंवा वाहिन्या उद्ध्वस्त झाल्या तर रियाध आठवडाभरात रिकामे करावे लागेल, असा अंदाज २००८ च्या एका अमेरिकी राजनैतिक तारेत होता. ती तार पुढे विकिलीक्सने उघड केली. इराणच्या बुशेहर अणुप्रकल्पाचे नाव बातम्यांत आले की आखातात बाटल्यांचे खोके का उचलले जातात, ते यावरून समजावे. नळच कोरडा पडला तर आरओ आणि कार्बन यांत फरक उरत नाही. घरात चार-पाच दिवसांचे पाणी सावलीत ठेवणे हाच त्यावरचा घरगुती उपाय.

तोवर सर्वांत स्वस्त शुद्धीकरण म्हणजे इमारतीच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, दोन्ही टाक्या शेवटच्या कधी धुतल्या हे विचारणे. बहुतेक भाडेकरू घर घेताना वातानुकूलन यंत्रे किती जुनी आहेत ते विचारतात, टाकीबद्दल कोणी विचारत नाही. चार-सहा कुटुंबांनी मिळून घरमालकाकडे टाक्या धुऊन घेण्याचा, झाकण बसवण्याचा आणि गच्चीवरच्या टाकीवर छप्पर घालण्याचा आग्रह धरला, तर प्रत्येक घरातले यंत्र निम्मे सोपे होते. आणि दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर कुलूप उघडल्यावर, सामानातला आरओ बाहेर काढण्याआधी, सगळे नळ चांगले वाहू द्यावेत आणि जुनी नळकांडी फेकून नवी बसवावीत. बंद घरात साठ दिवस तापलेले पाणी सर्वांत आधी त्यांतूनच पेल्यात येणार असते.