मानेतली सुई: आधी प्रश्न, मग सही

विठ्ठलवाडीच्या वस्तीत वंदनेनंतर आम्ही विहारात बसलो होतो, तेव्हा एका ताईंनी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढली. घरी जीन्सचे धागे कापायचं काम, दिवसभर मान खाली. मान दुखते, उजव्या हाताला मुंग्या येतात. ‘गादी सरकलीय, नस दबलीय, मानेत इंजेक्शन घ्या,’ असं एका खाजगी दवाखान्यात सांगितलं होतं. ताईंनी आम्हाला एवढंच विचारलं, ‘बचत गटातून कर्ज काढू का?’

आमचं मत स्पष्ट आहे. मानेतलं ‘नर्व्ह ब्लॉक’ हा खरा उपचार आहे, पण तो जोडीचा उपचार आहे. औषध, व्यायाम आणि कामाची पद्धत बदलणं हा मुख्य उपचार. सुईने दुखणं काही काळ दबतं, तेवढ्या वेळात व्यायाम करता येतो. व्यायामच केला नाही, तर दुखणं परत येण्याचीच शक्यता जास्त.

ही सुई एकाच प्रकारची नसते. दबलेल्या नसेच्या मुळाशी बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड देतात. दुसरी ‘स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉक’. ती मानेच्या पुढच्या बाजूने, घशाजवळच्या नसांच्या गाठीत देतात. हाड मोडल्यानंतर हात सुजून, आग होऊन आखडतो, अशा दुखण्यात ती वापरतात. मनावरच्या जबर आघातासाठीही तिचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या सैनिकांवरचा असा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काही प्रमाणात फायदा दिसला. म्हणून साध्या मानदुखीला कोणी ती सुचवली, तर का, ते विचारा.

मानेत नस दबलेल्या बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. म्हणून पहिल्याच भेटीत सुईची घाई नको. मात्र हातापायातली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल किंवा मानदुखीबरोबर ताप असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छाती भरून घाम आला, तर आधी हृदयाची तपासणी करा.

धोका किती? स्टेलेट ब्लॉकनंतर काही तास पापणी खाली येते, आवाज बसतो, ते आपोआप जातं. आवाज नीट होईपर्यंत खाणंपिणं टाळा. पण मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. सुई चुकली तर झटका, पक्षाघातही होऊ शकतो. पाठीच्या कण्याभोवती दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे क्वचित दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यू असे प्रकार घडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला.

म्हणून सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. माझा आजार नेमका कोणता? सुई देणारे डॉक्टर भूलतज्ज्ञ किंवा वेदनातज्ज्ञ आहेत का? सुई सोनोग्राफी किंवा एक्स-रे मशीनवर पाहून देणार का? ऑक्सिजन, मॉनिटर तयार आहे का? सुई नाही घेतली तर काय होईल? साखरेचा आजार आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगा. स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते. समजावून सांगून संमती घेणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे. तथागतांनीही कालामांना पारखून घ्यायलाच शिकवलं होतं.

कर्जाआधी केसपेपर काढा. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. तिथून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्रांना विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र सुईने सुटत नाही. बाबासाहेब मजूर मंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखान्यातल्या कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांचं विधेयक मांडलं गेलं. घरात नगावर धागे कापणाऱ्या आमच्या बहिणींच्या कामाचे तास आजही कोणी मोजत नाही. तोवर निदान एवढं करा: काम डोळ्यांच्या पातळीला आणा, अर्ध्या तासाने उठा, हंडा डोक्यावर घेऊ नका. आणि घरातल्या भावांनो, तो हंडा तुम्ही उचला.

ताईंनी अजून कर्ज काढलेलं नाही. सरकारी दवाखान्यात व्यायाम सुरू केला आहे. हात पूर्ण बरा नाही, पण रात्री झोप लागते. पुढे सुई लागलीच, तर त्या पाच प्रश्न विचारूनच सही करणार आहेत.

जय भीम!