पंखा मुका झाला तेव्हा

स्विच म्हटले की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे दिव्याची कळ येते. परंतु आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातील ज्या पेटीला हे नाव आहे ती दिवा लावीतही नाही आणि मालवीतही नाही. चोवीस खणांची ती काळी पत्र्याची पेटी. प्रत्येक संगणकाची तार तिच्यात येऊन मिळते, आणि कोणाचा निरोप कोणत्या तारेने धाडावयाचा हे ती ठरवते. अमेरिकेत रेल्वेच्या सांध्यालाही स्विचच म्हणतात. तेव्हा हिला 'सांधेवाला' म्हणावे अशी सूचना आम्ही शिक्षक-कक्षात केली होती. ती हसण्यावारी गेली.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सर्व यंत्रे एकाच तारेवर असत. टपालवाल्याने वाड्याच्या चौकात उभे राहून सर्वांची पत्रे मोठ्याने वाचावीत आणि ज्याचे असेल त्याने ओळखून घ्यावे, तसा तो प्रकार. ज्याचे पत्र त्याच्याच दारी पोचविणारा, सात खणांचा ईथरनेट स्विच १९९० साली अमेरिकेतील ज्या कंपनीने बाजारात आणला तिचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या सहसंस्थापकांच्या पत्नीचे ते नाव. पुढे १९९४ साली सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आमच्यासारख्या मराठीच्या मास्तराला या यंत्राविषयी आपुलकी वाटण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आता आमचा अपराध सांगतो. या पेटीच्या पाठीशी तळहाताहूनही लहान असा एक पंखा असतो. तो दिवसभर कुरकुरे. शेजारच्या वर्गातील बाईंची तक्रार आली, शिवाय चोरीची भीती होतीच. म्हणून आम्ही पेटी लाकडी कपाटात ठेवून दार लावून घेतले. २०२४ च्या चैत्रात एके दिवशी कुरकुर थांबली. सर्वांना बरे वाटले. आम्हांसही वाटले.

त्यानंतर आमचा इंदुरी उन्हाळा त्या बंद कपाटाने जसा सोसला असेल तसा सोसला, आणि भाद्रपदात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता पेटीवरील सारे दिवे एकदम मालवले. अकरा मुलींचे अर्ज राहिले होते. शिक्षकांच्या मोबाइलवरून रात्रीपर्यंत नऊ गेले, दोन राहिले. त्यांपैकी एकीची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली, बाकावर बसली, आणि काही न बोलता उठून गेली.

दुरुस्तीस आमचा एक जुना विद्यार्थी आला. त्याने कपाट उघडले, पेटीवर हात ठेवला आणि विचारले, "सर, पंखा कधी बंद पडला?"

"आवाज थांबला तेव्हा," आम्ही म्हणालो. तो गप्प राहिला. आम्ही त्याला पाच वर्षे व्याकरण शिकविले आहे. त्याच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हांस कळला.

पेटीत एक वीजपुरवठ्याची पट्टी असते. भिंतीतील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन ती १२ व्होल्टची एकदिश वीज देते. तिच्यावरील लहान डब्यांसारखे कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. आमच्या पट्टीवरील दोघांची डोकी पुरीसारखी फुगली होती. आम्ही बोट पुढे करताच तो ओरडला, "सर, हात लावू नका!" तार भिंतीतून काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा दाब काही काळ राहू शकतो. त्याने तो मीटरने मोजला, उतरू दिला, मगच पेचकस उचलला.

नवी पट्टी निवडताना व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, कारण यंत्र आपल्या भुकेपुरतेच घेते. पंख्याने मात्र आम्हांस दोन फेऱ्या घालावयास लावल्या. बाजारातून आलेला पहिला पंखा दोन तारांचा होता. तो फिरला, वाराही आला, पण पेटीवरील तांबडा दिवा विझेना. मूळ पंख्याला तिसरी तार असते. तीवरून 'मी फिरतो आहे' ही वर्दी पेटीला मिळते. वर्दी नाही म्हणजे पेटीच्या लेखी पंखाच नाही. हजेरीपटावर सही न करणाऱ्या शिक्षकाचे जे होते तेच. तीन तारांचा आला, तर त्याच्या टोकावरील तारांचा क्रम निराळा निघाला. टोक नेमके बसत असूनही त्याने तो आधी मीटरने तपासून बदलून घेतला. पंख्याच्या अंगावर वाऱ्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. तो उलटा बसवला तर बाहेर जावयाची ऊब पुन्हा आत ढकलली जाते.

मोठ्या स्विचांत हा खटाटोप नसतो, असे तो सांगत होता. तेथे पुरवठ्याच्या दोन पेट्या असतात. एक बिघडली तरी दुसरी भार उचलते, आणि बिघडलेली चालू यंत्रातूनच खणासारखी ओढून काढता येते. मात्र रिकामी जागा उघडी ठेवावयाची नाही, वारा तेथून निसटतो; आणि पंखे व पुरवठा यांची वाऱ्याची दिशा एकच हवी. काही कंपन्या ती मुठीच्या रंगाने दाखवितात.

खर्च नव्या पेटीच्या मानाने किरकोळच आला. साठा-नोंदवहीत 'पंखा १, वीजपुरवठा १' एवढीच नोंद झाली. त्या दोघी मुलींपैकी एकीची वर्षाची वह्या-पुस्तके शिक्षकांनी मिळून केली. दुसरीच्या वडिलांनी नको म्हटले.

कपाटाचे दार आम्ही बिजागऱ्यांसकट काढून घेतले आहे. पंखा पुन्हा कुरकुरतो. शेजारच्या वर्गातील बाईंची परवा पुन्हा तक्रार आली. आम्ही त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर हलविला.